निळा डाग आणि थंड कापड

भिवंडीच्या यंत्रमागांवर चढणाऱ्या सुती ताण्याला, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांना, आधी सायझिंगमध्ये खळ द्यावी लागते, आणि मागावरचे घर्षण सोसून झाले की हीच खळ रंगाईपूर्वी कापडातून उतरवावी लागते. ती उतरली की नाही हे आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब सांगतो. स्टार्च उरला असेल तर डाग निळा पडतो. ही निळाई रसायनशास्त्राला 1814 पासून ठाऊक आहे. स्टार्चमधील अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळते, तिच्या पोकळीत आयोडीन आणि आयोडाइड यांची रांग बसते, आणि या रांगेत इलेक्ट्रॉनची जी अंशतः देवघेव होते, जिला प्रभार-स्थानांतर म्हणतात, तिच्यामुळे प्रकाशाचा नारिंगी भाग शोषला जाऊन डोळ्यांना निळे दिसते.

ही जुळणी उष्णतेपुढे टिकत नाही. तापवल्यावर मळसूत्र सैल पडते, आयोडीन बाहेर निसटते, निळा रंग विरतो; निवू दिले की तो परततो, मात्र उघड्या भांड्यात फार वेळ उकळल्यास आयोडीन वाफेबरोबर उडून जाते आणि रंग फिकाच राहतो. हा बदल हळूहळू होतो, त्यामुळे त्याला काटेकोर अर्थाने प्रावस्था-संक्रमण, म्हणजे ठरावीक तापमानाला पदार्थाची अवस्था एकदम पालटणे, म्हणता येत नाही. इलेक्ट्रॉनच्या देवघेवीतले असे खरे, झटक्यात घडणारे संक्रमण काही स्फटिकांत आढळते. टेट्राथायाफुल्वॅलिन हा इलेक्ट्रॉन देणारा आणि क्लोरॅनिल हा घेणारा, असे रेणू एकाआड एक रचलेल्या स्फटिकात देवघेव एरवी जेमतेम 0.3 इलेक्ट्रॉनची असते; सुमारे 81 केल्विनला, म्हणजे उणे 192 अंश सेल्सिअसला, ती एकदम वाढून 0.6 च्या आसपास जाते, कारण थंडीने स्फटिक आकसतो, रेणू जवळ येतात आणि विद्युतभारांचे परस्पर आकर्षण इलेक्ट्रॉन ओढून काढण्याच्या खर्चावर मात करते. 1981 मध्ये अभ्यासल्या गेलेल्या या संक्रमणात स्फटिकाचा रंगही बदलतो. द्रवरूप हवेइतक्या थंडीतला हा स्फटिक आणि धुलाईघरातला डाग यांची जात वेगळी, पण दोन्हीकडे इलेक्ट्रॉन कुठवर सरकेल हे तापमानच ठरवते.

कापड पारखणाऱ्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. वाफाळत्या तुकड्यावर थेंब निळा झाला नाही, एवढ्यावर खळ उतरली असे मानून माल पुढे धाडला, तर उरलेला स्टार्च रंग धाग्यात नीट शिरू देत नाही आणि कापडावर ठिपके उमटतात. तुकडा आधी थंड पाण्यात पूर्ण निववावा, थेंब त्यानंतरच टाकावा.