गोरज

पंचांगात नसलेला एक मुहूर्त अलीकडे लग्नघरांत शिरला आहे. तो फोटोचा. साखरपुड्याची तिथी गुरुजींनी पाच मिनिटांत काढून दिली. पण त्याआधी मुलामुलीचे फोटो उघड्यावर, झाडापानांत काढायचे ते किती वाजता, यावर आमच्या बाहेरच्या खोलीत दोन तास खल चालला होता.

जागेबद्दल वाद नव्हता. पुण्यातली वेताळ टेकडी, आणि डिसेंबरातले वाळून पिवळे झालेले गवत. वाद होता तो उन्हाचा.

"दुपारी बारालाच काढा," विहीणबाई म्हणाल्या. "लख्ख ऊन असतं. मुलगी जरा उजळ दिसेल."

वहिनीचा चहा ओतणारा हात थबकला. माझी पुतणी सावळी आहे. आमच्या घरात त्या शब्दाला आजवर वजन नव्हते. त्या क्षणी आले.

मला बोलणे भाग होते. रंगावर बोललो असतो तर भांडणच झाले असते, म्हणून मी सूर्यावर बोललो. बाराचे ऊन वरून पडते. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची ओठांवर. शिवाय डोळे किलकिले होतात ते वेगळेच. गोरा असो की काळा, त्या उन्हात माणूस दमलेलाच दिसायचा! सूर्य कलला म्हणजे किरण तिरपे, हवेच्या कितीतरी जाड थरातून येतात. त्यातला निळा अंश वाटेतच विखुरतो, आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो पिवळा, तांबूस उजेड. तो समोरून चेहऱ्यावर येतो. घासलेला तांब्या भर दुपारी पाहावा आणि मग उन्हे उतरताना पाहावा, म्हणजे सावळ्या रंगाचे तेव्हा काय होते ते कळेल.

"त्याला गोल्डन अवर म्हणतात," फोटोग्राफर पोरगा म्हणाला.

गुरे घरी परतताना उडणाऱ्या धुळीवरून आपण त्याच सुमाराच्या वेळेला गोरज म्हणत आलो, आणि त्यावर लग्नेही लावत आलो. (पुण्यात आता गुरे कुठली? धूळ मात्र मुबलक आहे.)

विहीणबाईंना काही पटलेले दिसेना. तेवढ्यात कोपऱ्यातून त्यांच्या सासूबाई, मुलाच्या आजी, बोलल्या.

"माझ्या लग्नातल्या फोटोत त्या फोटोवाल्यानं मला पेन्सिलीनं गोरी केली. फोटो घरी आला, तर माझी आईच विचारते, ही कोण?"

त्या काळी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवीत. तिथे जे गडद होई, ते छापील फोटोत उजळ उमटे.

"साठ वर्षं भिंतीवर आहे तो," आजी म्हणाल्या. "मी बघत नाही त्याच्याकडे."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मग विहीणबाईंनी पदर सारखा केला. "बरं, निघायचं किती वाजता?"

डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि पश्चिमेला डोंगर आडवा असला तर त्याआधीच दिसेनासा होतो. पुतणी म्हणाली, साडेचार. वहिनी म्हणाली, चार. नटण्यात किती वेळ जातो हे तिला ठाऊक.

"आणि पावडर नको फासायला," आजी म्हणाल्या.