पट्टी कुणाची?

विशारदच्या परीक्षेला परीक्षकांसमोर यमन गाताना मला घाम फुटला नव्हता. तो फुटला दुसरी ‘ब’समोर, पाचव्या मिनिटाला. समोर 42 मुलं, 35 मिनिटांची तासिका, आणि माझ्याकडे भूपाचे आरोह-अवरोह. पाचच स्वर, म्हणजे मुलांना सोपा, असा माझा हिशेब. तिसऱ्यांदा ‘सारेगपध’ म्हणून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला, “सर, गाणं कधी?”

पुढच्या तासाला गाणं नेलं. पट्टी माझी, काळी एक. मी गायचो आणि मुलं हनुवटी छातीला टेकवून माझ्याइतकं खाली उतरायला बघायची. वर्गभर नुसती घूं-घूं. “मोकळ्या आवाजात गा” म्हटलं की ओरडायची. चार मुलगे तर मला पक्के बेसूर वाटले. 15 ऑगस्टच्या समूहगीताला मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “तुम्ही नुसते ओठ हलवा.” त्यांनी निमूटपणे हलवले. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

एकदा वर्गशिक्षिका मागच्या बाकावर वह्या तपासत होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “सर, पोरं हुबेहूब तुमच्यासारखं गायला बघतात. पण त्यांना मिशा कुठंयत?”

बाईंना संगीतातलं काही कळत नव्हतं, पण दुखणं त्यांनीच ओळखलं. दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलो आणि ‘गाणं कधी’वालीला एकटीला म्हणायला सांगितलं. तिने माझ्यापेक्षा सप्तकभर वरून सहज उचललं. पेटीवर तिचा सा शोधला, तर पांढरी दोन. मग तिने ओळ म्हणायची, मी ती त्याच सप्तकात वाजवायची आणि वर्गाने उचलायची, असं सुरू केलं. दिवाळीपर्यंत माझ्या चार ‘बेसुरां’पैकी तिघं सुरात मिसळले होते. चौथ्याचं अजून जमत नव्हतं. त्याला टाळ देऊ केले, तर म्हणाला, “मला गायचंय.” गॅदरिंगला तो गायला. ओठ हलवून नव्हे, आवाज काढून.

तेव्हापासून मी हजेरी गाऊन घेतो. मी नाव सा-गवर म्हणतो, मूल “हजर” त्याच सुरांवर म्हणतं. कोण कुठे आहे ते परीक्षेची भीती न घालता कळतं. गाणं फळ्यावर लिहीत नाही, एकेक ओळ कानानेच देतो. नवीन गाणं बसेपर्यंत पेटी कमीच उघडतो, कारण भात्यावर मान घातली की मागच्या बाकांवर काय चाललंय ते दिसत नाही. “शांत बसा” म्हणून पहिल्या सहामाहीतच घसा बसला होता. आता मी केरव्याच्या चार मात्रा टाळीने देतो, मुलं उरलेल्या चार पुऱ्या करतात आणि वर्ग जागेवर येतो.

नव्याने वर्गावर जाणाऱ्यांना एवढंच सांगेन : पहिल्या दिवशी स्वतः गाऊ नका. एखाद्या मुलाला त्याच्या आवडीचं गाणं म्हणायला सांगा, त्याचा सा शोधा आणि तिथून सुरुवात करा. आणि कुणालाही नुसते ओठ हलवायला सांगू नका.