डान्झिगचा मुकुट आणि सूलची अक्षरं

जर्मन लष्करी रायफल ही वाचायची वस्तू आहे, असं मी म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण पोलादावर इतकं लिहून ठेवणारं दुसरं सैन्य मला तरी ठाऊक नाही. मोठ्या भागांवर तपासनिसांचे शिक्के आणि बारीकसारीक सुट्या भागांवर, अगदी स्क्रूच्या डोक्यावरही, रायफलीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. माझ्याकडे शस्त्र नाही, परवानाही नाही. मी जमवतो त्या फक्त या खुणा. काही पातळ कागदावर पेन्सिल घासून उतरवलेल्या, काही तिरप्या उजेडात फोटो काढलेल्या. रायपूरच्या आसपास जुन्या मालगुजार आणि जमीनदार घरांत शिकारीच्या काळातल्या माउझर रायफली अजून सापडतात, म्हणून वही भरत राहते.

तेलीबांधा तलावाजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची रायफल मला विशेष लक्षात राहिली. घरातले आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलेली होती. मुलाच्या नावावर करायची की विकून टाकायची, हे ठरत नव्हतं. "भाऊ, एकदा बघून द्या," काकू म्हणाल्या. "यांचे आजोबा पलटणीत होते. जर्मनाच्या हातातून हिसकावून आणली म्हणतात." नातवाने तर ती हिटलरच्या फौजेची असल्याचं मित्रांना सांगून टाकलं होतं.

विक्रेत्याने आधी बोल्ट मागे ओढला, आत काडतूस नसल्याची खात्री करून घेतली आणि मगच ती टेबलावर ठेवली. पाहताक्षणी डोळ्यांत भरला तो दस्ता. तो अक्रोडाचा, नाजूक वळणाचा, जाळीदार नक्षीचा होता. हा लष्करी दस्ता नव्हे. नळीच्या मुळाशी, रिसीव्हरच्या माथ्यावर मात्र वंगण पुसताच मुकुट दिसला, त्याखाली डान्झिग आणि त्याखाली 1917. डाव्या अंगाला गॉथिक वळणात 'गेव्ह. 98'. म्हणजे 1898 साली जर्मन सैन्याने स्वीकारलेली गेवेर 98, पहिल्या महायुद्धात डान्झिग शहरातल्या सरकारी कारखान्यात घडलेली. उजव्या बाजूला गॉथिक अक्षरांवर छोटे छोटे मुकुट होते. ते कैसरच्या तपासनिसांचे.

"गरुड कुठाय?" नातवाने विचारलं. मी त्याला समजावलं की हिटलरच्या फौजेचा तो गरुड पुढच्या काळातला. 1935 साली आलेल्या काराबिनर 98के रायफलीवर गरुडाखाली डब्ल्यूएए आणि आकडा असतो, तो शस्त्रखात्याच्या तपासणीचा. कारखान्याचं नावही तेव्हा लपवू लागले. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याने आधी एस/42 असा छाप मारला, पुढे 42, मग बीवायएफ आणि 1945 मध्ये एसव्हीडब्ल्यू. ब्रनोचा कारखाना झाला डीओटी. कुठल्या कारखान्यातून किती माल निघतो, याचा पत्ता शत्रूला लागू नये म्हणून हा खटाटोप. क्रमांकही चार आकड्यांपुढे जात नसे. दहा हजारांचा टप्पा झाला की पुन्हा एकपासून मोजणी सुरू आणि मागे नवं अक्षर. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या मराठा वीरांनी 1944 आणि 45 मध्ये इटलीत ज्या जर्मन फौजांशी झुंज दिली, त्यांच्या पायदळाची नेहमीची रायफल हीच. मुलगा मन लावून ऐकत होता. मला त्याचं फार बरं वाटलं.

खरा उलगडा नळीवर झाला. दस्ता उतरवून विक्रेत्याने नळीची खालची बाजू दाखवली. तिथे मुकुटाखाली बी, यू आणि जी ही अक्षरं ओळीने होती. ही लष्करी खूण नाही. 1891 च्या जर्मन कायद्याप्रमाणे खासगी बंदुकांची चाचणी होई, तिचे हे शिक्के. बी म्हणजे गोळी झाडून केलेली चाचणी, यू म्हणजे तपासणी, जी म्हणजे आटे पाडलेली नळी. शेजारी महिना आणि वर्षाचे पुसट आकडे होते, त्यांतला 27 टॉर्च आडवा धरल्यावर स्पष्ट वाचता आला. युद्ध संपल्यावर अशा कित्येक लष्करी रायफली जर्मनीतल्या सूल आणि आसपासच्या कारागिरांनी शिकारीसाठी नव्याने बांधल्या. थोडं पुढे इंग्रजीत 'नॉट इंग्लिश मेक' असा ठसा होता. ब्रिटनमध्ये चाचणी झालेल्या परदेशी बंदुकांवर तो 1925 च्या नियमांपासून येऊ लागला.

म्हणजे रायफल घडली युद्धासाठी, पण या घरात आली ती 1927 नंतर, जर्मनीतून इंग्लंडमार्गे, आणि दाम मोजून. हिसकावून आणल्याची गोष्ट या पोलादाशी जुळत नव्हती. काकूंचा चेहरा उतरला. मी मात्र स्पष्टच सांगितलं की पणजोबांच्या पलटणीतल्या नोकरीला यामुळे कुठेही उणेपणा येत नाही. ती नोकरी कागदोपत्री शोधावी, रायफलीवर तिचा भार टाकू नये. बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नाही, हेही लिहून दिलं. असं दिसलं की किंमत कमी होते म्हणून काही लोक आकडे खोडून नवे पाडतात, जास्त दाम मिळावं म्हणून खोटे गरुड ठोकतात. याची मला मनापासून चीड आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या तपासनिसाची सही खोडून तिथे खोटी सही करणं म्हणजे दस्तऐवजात फेरफार करणंच.

त्याहून जास्त नुकसान मात्र भाबडेपणाने होतं. बंदूक विकण्याआधी चकचकीत दिसावी म्हणून तिला सॅन्डपेपर लावतात, बफिंग करतात, पुन्हा काळा रंग चढवतात. पोलादाचा वरचा पापुद्रा गेला की मुकुट गेला, आकडाही गेला, आणि तो पुन्हा येत नाही.

तुमच्या घरात अशी परवान्याची जुनी रायफल असेल आणि ती ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायची वेळ आली, तर तिला घासू नका. मऊ सुती कापडाने तेलाचा हलका हात फिरवा. विक्रेत्यासमोर ती रिकामी असल्याची खात्री करून घ्या, उजेड एका बाजूने पाडा आणि रिसीव्हर, नळीची खालची बाजू, बोल्टचा दांडा आणि दस्ता यांवरच्या प्रत्येक खुणेचा जवळून फोटो काढा. परवान्याच्या जुन्या पुस्तिकेच्या प्रतीसोबत ते फोटो घरात जपून ठेवा.