ख खारीचा, भ भोपळ्याचा

शनिवारी वर्ग सुटल्यावर चहाच्या टेबलाशी आपल्या ज्या गप्पा होतात, त्यांत एक प्रश्न हमखास निघतो : "मुलांच्या खोलीत तुम्ही काय काय लावलंय?" कोणी नवे घर घेतलेले असते, तर कोणाच्या घरी पाळणा हलल्यामुळे खोल्यांची फेरवाटणी चाललेली असते. गेल्या वर्षी आमच्याकडेही हेच झाले. सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा यांना मिळून एक खोली द्यायची होती. तेव्हा या अंकासाठी चार शब्द लिहा असे बाईंनी सांगितल्यावर आम्ही दोघांनी हाच विषय घेतला. आम्ही पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, शिक्षणशास्त्र काही आम्हांला येत नाही. जे केले, मोजले आणि पाहिले, तेवढेच सांगतो.

आम्ही लहान असताना मुलांची वेगळी खोली ही चीज कोणाच्या घरी नव्हती. दोन खोल्यांत सात माणसे. रात्री गाद्या पसरायच्या, सकाळी गुंडाळायच्या. भिंतीवर कालनिर्णय, आजोबांचा हार घातलेला फोटो आणि पाढ्यांचे पुस्तक अडकवायला एक खिळा. सजावट म्हणाल तर एवढीच. मराठी शिकवायला कोणाला भिंत लागली नाही, कारण ती खिडकीतून, दारातून, शेजारच्या रेडिओवरून आपोआप आत येत होती.

इथे न्यू जर्सीत तसे होत नाही. आमच्या घरात स्वयंपाकघर मराठी आहे. फोडणी, कढीपत्ता, झाकणी, चिमटा या शब्दांना तिथे दुसरा पर्याय कोणी देत नाही. बाहेरच्या खोलीत गणपती आहे, आपल्याकडची माणसे येतात, तिथेही मराठी टिकते. पण मुलांच्या खोलीचे दार लावले की आत सगळे इंग्रजी : शाळेची दप्तरे, वाचनालयाची पुस्तके, बोलणारी खेळणी. आणि मूल एकटे असताना स्वतःशी ज्या भाषेत बोलते, तीच शेवटी त्याची भाषा होते. थोरली शाळेत जाऊ लागल्यापासून मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देऊ लागली होती. सांगलीच्या आजीशी फोनवर "हो", "नाही", "बरी आहे" या तीन शब्दांत संभाषण संपू लागले होते. आजीला इंग्रजी येत नाही. म्हणजे खोली कशी सजवायची, हा प्रश्न आमच्यापुरता आजीला नात राहणार की नाही, इथपर्यंत जाऊन भिडला होता.

मार्ग शोधताना दोन जुनी नावे आठवली. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मुलांच्या उंचीची टेबले-खुर्च्या, हात पोचेल अशी उघडी फडताळे, वस्तू आपली आपण घ्यायची आणि जागेवर ठेवायची, ही त्यांची पद्धत. दुसरे नाव आपल्या घरचे, ताराबाई मोडक यांचे. त्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला हेच काम खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी केले. महागडी साधने परवडणार नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच त्यांची साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. आम्ही एवढेच घेतले : मूल जिथे आहे तिथे जायचे, आणि आजूबाजूला जे आहे त्यानेच शिकवायचे.

पहिले काम मोजपट्टीचे. धाकट्याचे डोळे जमिनीपासून सदतीस इंचांवर भरले. आपण चित्रे लावतो ती आपल्या डोळ्यांसमोर, म्हणजे जवळजवळ साठ इंचांवर. तिथे लावलेला तक्ता पाहुण्यांसाठी असतो. म्हणून आम्ही जमिनीवर मांडी घालून बसलो आणि तिथून जे दिसेल तेवढ्याच पट्ट्यात सगळे लावायचे ठरवले. एखादा नवा प्रोग्रॅम लिहिला की तो वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहावा लागतो, तसेच हे.

दुसरे, कमी लावायचे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. किंडरगार्टनच्या २४ मुलांना विज्ञानाचे सहा छोटे धडे शिकवले. काही धडे भिंती तक्त्या-चित्रांनी गच्च भरलेल्या वर्गात, काही उघड्या भिंतींच्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचे लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडेच होते, मोकळ्या वर्गात सुमारे २८ टक्के वेळ. नंतरच्या प्रश्नांची उत्तरे मोकळ्या वर्गात ५५ टक्के बरोबर आली, सजवलेल्या वर्गात ४२ टक्के. मुले थोडी होती, आणि तो वर्ग होता, घर नव्हे, हे खरे. तरी आम्ही त्यातून एक नियम केला : एकच भिंत मराठीची, आणि अभ्यासाच्या टेबलासमोरची भिंत अगदी कोरी.

आता त्या एका भिंतीवर काय? भारतातून आणलेला अक्षरांचा तक्ता आमच्याकडे होता. ऐ ऐरणीचा, औ औताचा, ठ ठशाचा. तक्त्यात दोष काहीच नाही, पण आमच्या मुलांनी औत पाहिलेले नाही आणि ऐरण तर आम्हीही धडपणे पाहिलेली नाही. म्हणून नवा तक्ता घरीच करायचे ठरले. अट एकच : ज्या वस्तूला आज संध्याकाळी हात लावता येईल, किंवा जी खिडकीतून दिसेल, तीच घ्यायची.

दोन महिने घरात हा उद्योग चालला. ख खारीचा, कारण मागच्या अंगणात खारींचे राज्यच आहे. ह हरणाचा, जुन्या तक्त्यातले हरीण इथे रोज संध्याकाळी येऊन आमची फुलझाडे खाते, त्यामुळे ते कायम राहिले. ब बर्फाचा, फ तो बर्फ उपसायच्या फावड्याचा, भ ऑक्टोबरात दारोदार बसणाऱ्या भोपळ्याचा, ठ ठोकळ्याचा, औ औषधाचा. 'ण'ने आणि 'ळ'ने शब्दच सुरू होत नाही, म्हणून तिथे पाणी आणि बाळ आले. 'ई' अडली होती. तेव्हा धाकट्याने ताटातल्या कारल्याकडे पाहून जो उद्गार काढला, तोच आम्ही तक्त्यावर घेतला. शेजारी कारल्याचे चित्र आहे.

ॲ आणि ऑ यांनाही जागा दिली. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने हे दोन स्वर वर्णमालेत अधिकृतपणे आले. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ साली, युनिकोडमध्ये स्वतंत्र 'ॲ' दाखल झाला होता. ॲ ॲप्रनचा, ऑ ऑक्टोबरचा. आपली वर्णमाला पाहुण्यांना जागा करून देते, हे मुलांना कळलेले बरे.

अक्षरे लावताना क ते म ही पंचवीस व्यंजने पाच ओळी आणि पाच रकाने अशीच लावली. इंजिनिअरला याचा फार आनंद होतो, कारण हे चक्क एक कोष्टक आहे. पहिली ओळ कंठातली, दुसरी टाळूची, तिसरीत जिभेचे टोक मागे वळते, चौथी दातांची, पाचवी ओठांची. घशापासून सुरुवात करून आपण ओळीओळीने ओठांपर्यंत येतो. एबीसीडीला असा काही क्रम नाही. बालमित्रांनो, आता एक गंमत करून पाहा. कागदाची बारीक पट्टी ओठांसमोर धरा आणि 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. नंतर 'ट' आणि 'ठ'. पट्टी कुठल्या अक्षराला जास्त हलते? आता भिंतीवरचा दुसरा रकाना पाहा. ती सगळी पट्टी हलवणारी मंडळी एका रांगेत उभी आहेत!

सजावटीचे बाकीचे काम मुलांनीच केले. पार्सलांतून येणारा तपकिरी कागद सपाट करून त्यावर तांदळाच्या पिठाच्या पातळ पेस्टने वारली चित्रे काढली. वारली बायका लग्नाच्या वेळी घराच्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहीत आल्या; त्या कलेला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणून जगभर नेले, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणसाचे अंग होते. चार वर्षांच्या मुलालाही ते जमते. आमच्या वारली गावात दोन खारी आणि एक पिवळी स्कूलबस आहे.

खणांवर नावाच्या चिठ्ठ्या थोरलीने लिहिल्या : शर्ट, चड्ड्या, "मोझे". 'मोझे' आम्ही तसेच राहू दिले आहेत. खणातून रोज सकाळी ते बरोबर निघतात, यातच सगळे आले.

पुस्तकांचे फडताळ बुटके आहे, आणि पुस्तके मुखपृष्ठ समोर ठेवून लावली आहेत. वाचता न येणाऱ्या मुलाला पुस्तकाचा कणा काय सांगणार? माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' सगळ्यांत पुढे असते. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट मिळतात आणि छापूनही घेता येतात. महिन्याला दोन छापून, मधे टाके घालून आम्ही पुस्तके करतो.

एक गोष्ट मात्र सजावटीच्या आधी करा. कपाटे आणि फडताळे भिंतीला पट्टीने बांधा. इथल्या भिंती पोकळ. आतले लाकडी खांब साधारणपणे सोळा इंचांच्या अंतराने असतात, स्क्रू त्यांतच गेला पाहिजे. सप्टेंबर २०२३ पासून नव्या कपड्यांच्या कपाटांना न उलटण्याचे कडक नियम लागू झाले आहेत, पण गराज सेलमधून आणलेल्या जुन्या कपाटाला ते ठाऊक नाहीत, आणि मूल खण उघडून त्यांवर जिन्यासारखे चढतेच. घर १९७८ च्या आधीचे असेल तर जुना रंग खरवडण्यापूर्वी त्यात शिसे आहे का, ते तपासून घ्या. त्या वर्षी घरांच्या रंगातल्या शिशावर इथे बंदी आली.

आता तुम्ही विचाराल, एवढे करून झाले काय? चमत्कार झाला नाही. थोरली शाळेतून येते ती अजून इंग्रजीतच बोलत येते. पण बाहुल्यांना रागवायचे असले की, "ऐकू येत नाही का गं तुला?" असे अस्सल मराठी दाराआडून ऐकू येते. ते कोणाचे बोलणे आहे, हे आमच्यातल्या आईला चांगलेच ओळखता येते.

खरा फरक पडला तो रविवारच्या फोनमध्ये. उन्हाळ्यात इथले सकाळचे नऊ म्हणजे सांगलीत संध्याकाळचे साडेसहा. थोरलीने फोनच्या कॅमेऱ्यातून आजीला भिंत दाखवली. आजीने एकेक अक्षर पाहिले, भोपळ्याला हसली, आणि म्हणाली, "अगं, औत कुठं गेलं?"

"औत म्हणजे काय, आजी?"

यावर आजी वीस मिनिटे बोलली. तिच्या वडिलांची बैलजोडी, पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, औतामागून चालताना पायांना लागणारी गार माती. थोरली मधेमधे मराठीत प्रश्न विचारत होती, कारण उत्तर हवे होते आणि दुसऱ्या भाषेत ते मिळणार नव्हते. फोन संपल्यावर तिने औताचे चित्र काढले. बैल थोडे कुत्र्यासारखे झाले आहेत. ते चित्र आता औषधाच्या बाटलीशेजारी लावले आहे. आजीही आता दर रविवारी विचारते, "या आठवड्यात भिंतीवर नवीन काय?"

मुले विसाव्या वर्षी मराठी बोलतील का, याची हमी कुठल्याही भिंतीला देता येणार नाही. पण आज आजी आणि नात यांच्याकडे बोलायला विषय आहे, आणि तो खिळ्यावर टांगून ठेवता येतो.

तेव्हा पालकहो, दुकानातून खोली सजवून आणण्यापूर्वी एकदा मुलांच्या खोलीत जमिनीवर बसून पाहा. आणि बालमित्रांनो, आमचे एक काम करा. आमच्या भिंतीवर 'ऐ'ची जागा अजून रिकामी आहे. तुमच्या घरात 'ऐ' सापडला, तर पुढच्या शनिवारी चहाच्या वेळी आम्हांला येऊन सांगा. चित्र काढून आणलेत तर फारच छान!