मिकी बेकर कुठे कुठे होता

आमच्या पिढीने मिकी बेकरची गिटार पहिल्यांदा ऐकली ती 'डर्टी डान्सिंग'च्या कॅसेटवर. सिनेमा १९८७ चा, पण त्यातलं 'लव्ह इज स्ट्रेंज' हे गाणं मूळचं १९५६ चं. आतल्या कागदावर 'मिकी अँड सिल्व्हिया' एवढंच छापलेलं असायचं. मिकी गातो की वाजवतो, हे त्यावरून कळायचं नाही. गाण्याच्या तोंडाशी असलेली गिटार मात्र सोडवत नसे. वरच्या तारेवर सूर ताणायचा, क्षणभर तिथेच धरायचा आणि मग झटकन खाली यायचं. तेवढ्यासाठी कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेतली जायची.

आज फोनवर नाव टाकलं की माणूस उलगडत जातो. लुईव्हिलमध्ये १९२५ साली जन्म, अनाथाश्रमातून पळापळ, कोवळ्या वयात न्यूयॉर्क. त्याला जॅझ वाजवायचं होतं, तेही ट्रम्पेटवर. जवळ होते चौदा डॉलर. गहाणवटीच्या दुकानात तेवढ्यात ट्रम्पेट मिळेना, गिटार मिळाली. पुढे कॅलिफोर्नियात पी वी क्रेटनचं वादन ऐकून ब्लूजवर पोट भरतं हे त्याला उमगलं, आणि मग न्यूयॉर्कच्या स्टुडिओंनी त्याला सोडलं नाही.

बिग जो टर्नरचं 'शेक, रॅटल अँड रोल', ड्रिफ्टर्सचं 'मनी हनी', स्क्रीमिन जे हॉकिन्सचं 'आय पुट अ स्पेल ऑन यू' ही सगळी गाणी आपण गायकांच्या नावाने ओळखतो, आणि तिन्हींत गिटार बेकरची आहे. तेव्हा तीन तासांच्या एका बैठकीत साधारण चार गाणी उरकायची, सगळे वादक एकाच खोलीत. एकाचा हात चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मेहनताना ठरलेला, तबकडीवर नाव नाही. आता गिटारवादक घरी बसून आपला भाग वाजवतो, हवा तितक्यांदा दुरुस्त करतो आणि पाठवून देतो. सोय मोठीच आहे. पण टर्नरच्या आवाजाला जागा देत मागे राहणारी ती गिटार समोरासमोर बसल्याशिवाय सुचत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मला वाटतं, बेकर मागे पडला तो नाव न छापल्यामुळे जितका, तितकाच त्याच्या अष्टपैलूपणामुळे. बी. बी. किंग एका सुरात ओळखू येतो. बेकर मात्र गाण्याला हवा तसा व्हायचा. कुठे खरखरीत, कुठे जॅझच्या कॉर्डमध्ये गुंतलेला, कुठे नुसता ठेका धरून बसलेला. आम्हाला 'त्याची' म्हणून एकच धून ठाऊक, आणि तीही मुळात त्याची नव्हे! 'लव्ह इज स्ट्रेंज'ची ती सुरावट शिकागोचा गिटारवादक जोडी विल्यम्स याची. प्रकरण कोर्टात गेलं, पण विल्यम्सच्या हाती काही लागलं नाही. पुढे त्याने संगीत सोडलं आणि कित्येक वर्षं यंत्रं दुरुस्त करून संसार केला. बेकरवर अन्याय झाला म्हणताना विल्यम्सचं नाव घ्यायलाच हवं.

साठच्या दशकात बेकर फ्रान्सला गेला आणि तिथलाच झाला. २०१२ साली गेला तोही तिथेच. त्याची गाण्यातली जोडीदार सिल्व्हिया हिने इकडे अमेरिकेत शुगर हिल ही कंपनी काढून १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' हे रॅप गाणं बाजारात आणलं. बेकरचं १९५५ चं जॅझ गिटार शिकवणारं पुस्तक अजून मिळतं, आणि कॉर्डच्या आकृत्यांना आकडे देऊन शिकवायची त्याची पद्धत नवशिक्याला आजही कामाला येते.

आता त्याला शोधणं इतकं सोपं झालंय, तर एकच विनंती. 'लव्ह इज स्ट्रेंज'वर थांबू नका. १९५९ चा 'द वाइल्डेस्ट गिटार' लावा. त्यात 'ऑटम लीव्ह्ज'सारखी सगळ्यांनी वाजवून वाजवून गुळगुळीत केलेली धूनही आहे. तिथे समोर गायक नाही, कुणाला जागा द्यायची नाही. बेकर एकदाचा मनासारखा वाजवतो.