सावली दाखवणारा दिवा

सायकलच्या दिव्याचा प्रवास हा बहुतेक वेळा उजेड वाढवत नेण्याचा प्रवास मानला जातो. कार्बाईडवर थेंब थेंब पाणी सोडून ॲसिटिलीन जाळणारे दिवे गेले आणि टायरला घासत गुरगुरणारा डायनामो आला. सहा व्होल्ट, तीन वॉट, त्यातही थोडा वाटा मागच्या लाल दिव्याचा. चढावर पाय मंदावले की उजेडही मंदावायचा. गावातल्या रस्त्यावर तो पुढचे दिसण्यापेक्षा पोलिसाला दिसण्यासाठीच जास्त उपयोगी होता, आणि त्यावर कित्येकांचे आयुष्य निभावले. डोंगरवाटांवर मात्र असे भागणार नव्हते. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात १९९२ साली ‘२४ अवर्स ऑफ कनान’ ही अहोरात्र चालणारी माउंटन बाइक शर्यत सुरू झाली, तो काळ हॅलोजनचा आणि जड बॅटऱ्यांचा. दहा-बारा वॉटचा हॅलोजन फार तर दोन-अडीचशे ल्युमेन देतो. आज १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या एका चांगल्या लिथियम सेलवर एलईडी हजार ल्युमेन जवळपास तासभर देऊ शकतो. साहजिकच आता खोक्यावरचा आकडा बघून दिवा घेतला जातो: दोन हजार, तीन हजार, पाच हजार. मला हा आकडा फसवा वाटतो. डोंगरात रात्री सायकल चालवणाऱ्याने दिवा निवडताना आधी पाहायला हवी ती त्याने पाडलेली सावली.

याचा सगळ्यात मोठा पुरावा रोज डोक्यावर असतो. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्राच्या सुमारे दहापट प्रकाश देतो, तरी दुर्बिणीतून विवरे आणि डोंगर पाहायचे तर जाणकार अष्टमीच निवडतात. पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीमागून उजेड टाकतो, सावल्या वस्तूंच्या आड दडतात आणि चंद्र थाळीसारखा सपाट दिसतो. वाटेवरचा दगडही याच नियमाने दिसतो किंवा लपतो. पाच सेंटिमीटर उंचीचा दगड दहा मीटरवर आहे असे धरू. हॅंडलबारवरचा दिवा जमिनीपासून एक मीटरवर असेल तर त्या दगडाची सावली साधारण त्रेपन्न सेंटिमीटर पडते. चालवणाऱ्याचे डोळे दीड मीटरवर असतील तर दगडामागची पस्तीसेक सेंटिमीटर जमीन त्याला दिसतच नाही. म्हणजे वीतभराहून किंचित कमी काळा पट्टा उघडा राहतो आणि तोच सांगतो की इथे काहीतरी वर आलेले आहे. आता दिवा हेल्मेटवर, डोळ्यांच्या वर पंधरा सेंटिमीटर चढवा. सावली एकतीस सेंटिमीटर होते आणि पुरती दगडाआड जाते. दगड उजळलेला असतो, भोवतालचा मुरूमही तेवढाच उजळलेला असतो, आणि दोन्ही एकाच रंगाचे असतील तर चाक आदळेपर्यंत काही कळत नाही. उजेड दुप्पट केला तरी हे गणित तसूभर बदलत नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की हॅंडलबारचा दिवा चाक वळेल तिकडे पाहतो आणि माणूस वाट वळेल तिकडे. घाटातल्या नागमोडी वळणावर हॅंडलबारचा झोत दरीवरच्या हवेत जातो आणि पुढची वाट बाजूला अंधारात राहते. आक्षेप खराच आहे. म्हणूनच हेल्मेटवरचा दिवा टाकून देता येत नाही. पण तो हॅंडलबारच्या दिव्यापेक्षा मंद आणि अरुंद झोताचा असावा. लोक नेमके उलटे करतात: ताकदवान दिवा डोक्यावर आणि जुना, मिणमिणता हॅंडलबारवर. मग खालच्या दिव्याने कष्टाने पाडलेली सावली वरचा दिवा धुऊन टाकतो. कोणी विचारेल, सावलीच हवी तर दिवा आणखी खाली, चाकाच्या आसापाशी का लावू नये? तिथे अति होते. प्रत्येक खड्याला हातभर सावली फुटते, साधा उतार खंदकासारखा भासतो, आणि चिखल काचेवर बसतो तो वेगळाच. सावलीलाही प्रमाण हवे, आणि मीटरभराची उंची त्या प्रमाणाला बरी पडते.

‘जास्त उजेड असला तर बिघडते काय, नको तेव्हा कमी करता येतो,’ हे म्हणणे जास्त वजनदार आहे. उजेड अंतराच्या वर्गाने विरतो, त्यामुळे तोच झोत दुप्पट तेजाचा केला तर पल्ला दुप्पट न होता सुमारे १.४ पट होतो. शिवाय डोळ्यांना दुप्पट प्रकाश दुप्पट भासत नाही. उलट पुढच्या चाकाजवळची जमीन पांढरीफटक झाली की बाहुल्या आकसतात आणि दूरचा काळोख अधिकच दाट होतो. बॅटरी मात्र इमानदारीने दुप्पट संपते. आणि गरज तरी किती? ताशी वीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. भान यायला दीड सेकंद आणि भुसभुशीत वाटेवर ब्रेक लागायला चार-पाच मीटर धरले तरी बारा-तेरा मीटरमध्ये सायकल थांबते. ताशी तीसला बावीस-चोवीस मीटर लागतात. वेगवान उतारांच्या शर्यतीत उतरणाऱ्याला याहून लांबचे दिसायला हवे हे मान्य. बाकीच्यांनी खोक्यावरचे बारीक अक्षर वाचावे. एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार लिहिलेला पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, साधारण चांदण्याइतका उरतो ते अंतर. तसेच ‘चार तास चालतो’ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर यायला चार तास लागतात. या मोजमापात खोटे काही नाही, पण चौथ्या तासाला आपण कुठल्या घळीत असू याचा विचार ज्याचा त्याने करायचा. स्कॉटलंडमध्ये जानेवारीत ‘स्ट्रॅथपफर’ ही चोवीस तासांची शर्यत होते. तिथे सतराएक तास अंधार असतो आणि गारठ्याने लिथियम सेलची ताकद घटते. अशा ठिकाणी हजार ल्युमेनचा टिकणारा दिवा तीन हजारांच्या अल्पायुषी दिव्यापेक्षा शहाणा ठरतो.

दोन दिव्यांचा खर्च वाढतो, वजनही वाढते, ही तक्रार मोठ्या आकड्याचा हव्यास सोडला की पुष्कळशी मिटते. दोन मध्यम दिव्यांतला एक बंद पडला तर दुसरा घरी आणतो, हा वरचा नफा. सह्याद्रीत पावसाळ्यात ढग वाटेवर उतरतात तेव्हा तर हेल्मेटवरचा दिवा विझवावाच लागतो. डोळ्यांलगतचा झोत धुक्याच्या थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. मोटारींचे धुक्याचे दिवे खाली बसवतात तेही याचसाठी. डोंगर उतरून डांबरी रस्ता लागला की मात्र दोन्ही दिवे गैरसोयीचे ठरतात. जर्मनीत रस्त्यावरच्या सायकलींच्या दिव्याचा झोत वरच्या बाजूने कापलेला असावा असा नियम आहे. डोंगरवाटेच्या दिव्यांचा झोत बहुधा गोल, समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाणारा. तिथे हेल्मेटचा दिवा बंद करून हॅंडलबारचा दिवा खाली झुकवायचा, म्हणून झोत बोटाने फिरवता येईल असा पट्टा दिव्याला आहे का, हेही दुकानातच तपासून घ्यावे.