केरसुणी हाती देणारी यजमानीण

इंग्लंड आणि वेल्समध्ये वायएचए या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या बाईंना भेटायला जायचं तर पायी जावं. सायकल चालेल, होडीही चालेल. बुटांना चिखल लागला असेल तर उत्तमच. पण त्यांच्या उमेदीच्या काळात कुणी मोटारीतून दारात उतरला असता, तर त्याला तिथूनच परत पाठवलं असतं. मग काही हुशार मंडळी मोटार अलीकडच्या वळणावर झाडाआड उभी करत, पाठीवर पिशवी चढवत आणि शेवटची चार पावलं धापा टाकत चालत येत.

यूथ हॉस्टेल्स असोसिएशन हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १९३० चा, आजोळ जर्मनीतलं. रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर ऑगस्ट १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले आणि वादळात सापडले. रात्र एका खेड्यातल्या शाळेत, जमिनीवर पेंढा पसरून काढली. बाहेर विजा कडाडत होत्या, मुलं झोपून गेली होती, आणि मास्तर जागेच होते. सुट्टीत देशभरच्या शाळा अशाच ओस पडलेल्या असतात; एका दिवसाच्या चालीवर अशी एकेक जागा मिळाली तर मुलं सगळा देश पायी बघतील, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात त्यांनी कायमचं वसतिगृह उघडलं. जर्मनीतला हा संसार पाहून आलेल्या लिव्हरपूलच्या मंडळींना आपल्याकडेही असं काही हवं असं वाटू लागलं, आणि इकडे बाईंचा पाळणा हलला.

पहिलं पाऊल अडखळलं. उत्तर वेल्समधलं पेनंट हॉल हे त्यांचं पहिलं घर. १९३० च्या नाताळात मोठ्या हौसेने उघडलं, आणि पाण्यानेच दगा दिल्यामुळे थोड्याच काळात बंद करावं लागलं. दुसरी कुणी खचली असती. बाईंनी पुढच्या ईस्टरपर्यंत आणखी घरं उघडली, आणि १९३९ साल उजाडेपर्यंत घरांची संख्या तीनशेच्या जवळ आणि सभासदांची ८०,००० च्या पुढे नेली.

एवढी ओढ का लागली, हे तेव्हाची कारखान्यांची शहरं डोळ्यांसमोर आणली तरच कळतं. आठवडाभर गिरणीत आणि कचेरीत मान मोडून काम करायचं, हाती मिळायचा शनिवारचा उत्तरार्ध आणि रविवार. डोंगर दिसायचे, पण तिथे रात्री राहायचं तर हॉटेलचं बिल परवडायचं नाही. आणि पुष्कळशा माळरानांवर जमीनदारांचे राखणदार उभे. १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो तरुण मुद्दाम घुसले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगात जावं लागलं, तो हाच काळ. अशा पोरापोरींना बाई म्हणाल्या, या, एक शिलिंग द्या आणि रात्रभर झोपा.

त्यांना घडवणारी माणसंही पाहण्यासारखी होती. पहिले सचिव जॅक कॅचपूल हे क्वेकर पंथाचे, लंडनच्या गरीब वस्तीतल्या टॉइन्बी हॉलमध्ये समाजकार्य केलेले. त्यांनी बाईंची कचेरी वेल्विन गार्डन सिटीत थाटली आणि वीस वर्षं हा गाडा ओढला. अध्यक्ष होते इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेल्यन, स्वतः पट्टीचे चालणारे. एकाकडून सेवा आली, दुसऱ्याकडून पायपिटीचं वेड. बाईंच्या स्वभावात दोन्ही उतरलं आहे.

आता त्या स्वभावाविषयी. उमेदीच्या काळात बाई कडक. सकाळी दहाच्या सुमाराला घर बंद, संध्याकाळी पाचपर्यंत उघडणार नाही. बाहेर पाऊस असो की गारा, चालायला आला आहात तर चाला. रात्री दहा-साडेदहाला दिवे मालवणार. दारूचं नाव काढायचं नाही. एका घरी लागोपाठ तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नाही, कारण मागून दुसरा वाटसरू येत असतो. अंथरुणात शिरण्याआधी स्वतःची शिवलेली चादर-पिशवी घालायची, म्हणजे घोंगड्या मळणार नाहीत. पुरुषांची खोली इकडे, बायकांची तिकडे. नुकतं लग्न होऊन आलेल्या जोडप्यालाही त्यात सवलत नव्हती. जिन्याखाली एकमेकांचा निरोप घेऊन ती दोघं आपापल्या दुमजली खाटांकडे जात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम. आल्या आल्या वॉर्डन तुमचं सभासदपत्र ठेवून घेई. सकाळी निघताना ते मागायला गेलात की हातात केरसुणी येई. कुणी जिना झाडायचा, कुणी बटाटे सोलायचे, कुणी कपबश्या विसळायच्या. काम नीट झालं असं वॉर्डनला वाटलं की मगच त्या पत्रावर घराचा शिक्का उठे आणि ते परत मिळे. पाय ओढत, काम टाळून पळायला बघणाऱ्याचं तिथे काही चालत नसे.

मला बाई सर्वांत आवडतात त्या इथे. आपल्या धर्मशाळेत वाटसरूला छप्पर मिळतं ते कुणा दात्याच्या पुण्याईवर, आणि दात्याचं नाव दगडात कोरलेलं असतं. बाईंच्या घरात दाता कुणीच नव्हता. गिरणीकामगार आणि विद्यापीठातला विद्यार्थी एकाच मोरीपाशी भांडी घासत, आणि दोघांनीही शिलिंग मोजलेला असे. त्यामुळे स्वस्ताईत लाचारी आली नाही. कडकपणाचा जाच वाटला असेल पुष्कळांना, पण त्याच कडकपणावर ते एका शिलिंगचं गणित उभं होतं.

थोडा मिरवण्याचा सोसही आहे बाईंना, तो लपवून कशाला ठेवायचा? जुनी खानदानी घरं दिसली की जीव अडकतो. श्रॉपशरमधला एलिझाबेथच्या काळचा वाइल्डरहोप वाडा त्यांनी १९३७ मध्ये आपलासा केला. किंग जॉन शिकारीला येई तो, पुढे कर्जबुडव्यांचा तुरुंग झालेला सेंट ब्रियाव्हल्सचा किल्ला १९४८ पासून त्यांच्या पाहुण्यांना रात्री निवारा देऊ लागला. डर्बिशरमधल्या डर्वेंट हॉलचं उद्घाटन तर १९३२ मध्ये खुद्द युवराजांच्या हस्ते झालं. त्याचं नशीब मात्र खडतर. लेडीबाउर धरण आलं आणि अख्खं गाव पाण्याखाली गेलं, त्यात हाही वाडा.

पण त्यांचं खरं रूप बघायचं तर एनरडेलच्या दरीच्या टोकाशी जावं. ब्लॅक सेल ही मेंढपाळांची दगडी खोपटी १९३३ मध्ये त्यांनी घेतली. आसपास वस्ती नाही, मोटारीने पोचता येत नाही. वाडे आणि किल्ले एकीकडे ठेवले आणि ही खोपटी दुसरीकडे, तर बाई हिलाच जवळ घेतील असं मला ठामपणे वाटतं.

वय झालं तशा बाई निवळल्या. मोटारीला अंगणात जागा मिळाली, दिवसाही दार उघडं राहू लागलं, कुटुंबासाठी वेगळ्या खोल्या आल्या, बिअर आणि वाइनसुद्धा आली. यातलं पुष्कळसं योग्यच झालं. लहान पोर कडेवर घेतलेल्या आईला पावसात पाचपर्यंत उभं ठेवण्यात काही शौर्य नव्हतं. पण सकाळची कामंही गेली, ते व्हायला नको होतं. पैसे देऊन झोपणारा आणि घर झाडून निघणारा यांत फरक असतो, आणि वायएचएला इतर स्वस्त हॉटेलांपासून वेगळं करणारी रेघ तीच होती.

पैशांची चणचण आधीपासून होतीच. २००१ मध्ये गुरांमध्ये लाळ-खुरकतीची साथ आली, खेड्यापाड्यांतल्या पायवाटा बंद झाल्या आणि बाईंची मिळकत आटली. काही घरं विकावी लागली. २०२३ मध्ये तर त्यांनी सुमारे दीडशेपैकी २० घरं विक्रीला काढत असल्याचं जाहीर केलं. लहान, आडबाजूची घरं तोट्यात जातात हा हिशेब समजतो. पण चालणाऱ्याच्या वाटेतला एक मुक्काम नाहीसा झाला की त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन दिवस एकमेकांपासून तुटतात.

बाईंच्या गोतावळ्यातली एक धाकटी आपल्याकडेही आहे : यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया. कुलूच्या कसोल तळावरून सारपासला जाऊन आलेली माणसं पुण्या-मुंबईत घरोघरी सापडतील. त्यांना विचारा. दारू-सिगारेट बंद, बायकांचे आणि पुरुषांचे तंबू वेगळे, रात्री कॅम्पफायर, त्यानंतर गरम बोर्नव्हिटा आणि लगेच झोप. बर्फातून १३,८०० फुटांच्या आसपासची खिंड चढायला आलेला मोठ्या कंपनीतला साहेबही जेवण झालं की थंडगार पाण्याच्या नळाशी रांगेत उभा राहतो आणि आपलं ताट आपण घासतो. इंग्लंडमधल्या बाईंनी कसोलला एकदा यावं आणि ती रांग बघावी.